मोरांच्या शेजारचे गाव

मोर पाहायचा म्हटले की पुष्कळांना पिंजरा आठवतो, नाहीतर सरस्वतीची तसबीर. पण अंगणात कोंबड्यांच्या शेजारी दाणे टिपणारा मोर पाहायचा असेल, तर पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात चिंचोलीला जा. याच नावाची गावे पुष्कळ, म्हणून हिला म्हणतात ‘मोराची चिंचोली’. पुण्याहून नगर रस्त्याने शिक्रापूरपर्यंत यावे आणि तेथून आत वळावे. सारा प्रवास पन्नासएक किलोमीटरचा.

गावाच्या नावातच चिंच आहे. जुनी, डेरेदार चिंचेची झाडे हेच मोरांचे रात्रीचे बिऱ्हाड. झाडे पेशव्यांच्या काळातली असे गावकरी सांगतात. मोर दिवसभर जमिनीवर चरतो, पण झोपायला उंच फांदीच लागते. म्हणून ध्यानात घ्या, जिथे मोठी झाडे तुटली, तिथून मोरही गेला.

जायचे तर पावसाळ्यात, आणि तेही भल्या सकाळी किंवा दिवस कलताना. उन्हात तो झुडपात बसून राहतो. विणीचा हंगाम तेव्हाच असल्याने पिसारा ऐन भरात असतो. दिवाळीत गेलात तर बोडका मोर दिसेल, कारण पावसाळा सरता सरता पिसारा गळून जातो आणि पुढे नवा येतो. आणखी एक गंमत पाहा. पिसारा म्हणजे शेपूट नव्हे! ती पाठीवरची लांबलेली पिसे. खरी शेपटी आखूड, तपकिरी असते आणि पिसारा फुलला की मागून त्याला टेका देते. नाचणाऱ्या मोराच्या मागे जाऊन पाहिलेत तरच ती दिसेल.

मोराचे अश्रू पिऊन लांडोर गाभते, ही गोष्ट आपल्याकडे अजून सांगतात. ती खरी नाही. इतर पाखरांसारखाच त्यांचाही जोडा जमतो. लांडोर झुडपाच्या आडोशाला जमिनीवरच चार-सहा अंडी घालते आणि सुमारे २८ दिवस एकटीच उबवते. मोर त्या कामाला हात लावत नाही. बांधावरचे झुडूप पेटवण्याआधी एकदा वाकून पाहावे, ते यासाठी.

आता शेतकऱ्याच्या मनातला प्रश्न. मोर किडे खातो, सरडे खातो, लहानसा सापही खातो. पण कोवळी रोपे, भुईमुगाच्या शेंगा आणि कणसातले दाणेही सोडत नाही. नुकसान होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. तरी इथली माणसे त्यांच्यासाठी दाणे टाकतात, उन्हाळ्यात पाणी ठेवतात. मोर पाहायला येणाऱ्यांना पिठले-भाकरी वाढून काही घरांना चार पैसेही मिळू लागले आहेत.

मोर १९६३ साली आपला राष्ट्रीय पक्षी झाला आणि १९७२ च्या कायद्याने त्याच्या शिकारीवर बंदी आली. पण कायदा शिकाऱ्याला अडवील; चुकून होणारा घात आपणच टाळायचा. बी पेरण्याआधी आपण त्याला औषध चोळतो, ते योग्यच. पण तिफण जिथे वळते, तिथे थोडे बी उघडे पडते. तेच टिपून मोर मरतात. पेरणी झाली की शेताच्या कडेने एक फेरी मारा आणि सांडलेले बी मातीआड करा. उरलेले बी अंगणात टाकू नका, कोंबड्यांनाही घालू नका. वैशाखात बांधावरच्या सावलीत पसरट परळ पाण्याने भरून ठेवा. त्याला दोन तांबेही पुष्कळ होतात.

चिंचोलीला गेलात तर मोरामागे धावू नका, दगड मारून उडवू नका. झाडाखाली गप्प बसा. तोच जवळ येतो. गळालेले पीस सापडले तर मुलांना जरूर दाखवा. आणि परत आल्यावर आपल्या बांधावर चिंचेचे एक रोप लावा. त्यावर बसणारा मोर कदाचित तुमच्या नातवंडांना दिसेल.