गळाची चक्री : तिचे माप व तिचे द्रव्य

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात पेत्रास समुद्रावर जाऊन गळ टाकण्याची आज्ञा झाली, हे वाचकांस स्मरत असेल. चारही शुभवर्तमानांत जाळ्यांचा उल्लेख वारंवार येतो. गळाचा मात्र हा एकच. पेत्राजवळ चक्री होती असे कोठे लिहिलेले नाही, आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील भोई व ढिवर बंधूंजवळही ती सहसा दिसत नाही. ते दोरी काडीस गुंडाळतात, हाताने ओढतात, आणि त्यांचे काम उत्तम चालते. मग चक्री हवी कशाला?

चक्रीची गरज विशेषेकरून भासते ती कृत्रिम माशीने मासे धरण्याच्या प्रकारात. पिसे व दोरा यांनी बांधलेली ही माशी इतकी हलकी असते की ती स्वतःच्या भाराने दूर जाऊच शकत नाही. म्हणून दोरच जाड व वजनदार करतात. काठी मागेपुढे झुलवून तो हवेत उलगडतात, व त्याच्या ओघाबरोबर माशी पाण्यावर जाऊन बसते. असा दोर काडीस गुंडाळला तर त्यास पीळ पडतो. संक्रांतीस पतंगाची चक्री हाती धरलेल्या मुलास हे अधिक सांगावयास नको. ही युक्ती नवी नव्हे. इसवी सन ११९५ च्या सुमाराचे मा युआन या चिनी चित्रकाराचे एक चित्र आहे, त्यात नावेत बसलेल्या कोळ्याच्या काठीस अशीच चक्री लावलेली दिसते. आपल्या देशातील गळाच्या मासेमारीवर हेन्री सलिव्हन टॉमस यांनी १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला.

आम्हांस चक्री घरी करावी लागली, त्याचे कारण हौस नव्हे. मागे एका तापाने आमच्या उजव्या मनगटात जी वेदना ठेवली, ती पुरती गेली नाही. फळ्यावर लिहिणे निभावते. परंतु जड पितळी चक्री लावलेली काठी अर्धा तास झुलविली की बोटे उघडेनाशी होतात. नदीकाठची सायंकाळ हा आमचा एकच विसावा. तो सोडावा, किंवा हाताला झेपेल अशी चक्री करावी, असे दोनच मार्ग उरले. म्हणून दीडशे ग्रॅमची मर्यादा आम्ही प्रथम कागदावर लिहिली, व मग पेन्सिल हाती घेतली.

पुष्कळ लोक आधी धातू निवडतात व मग माप. आमच्या मते प्रारंभ दोरापासून करावा, कारण चक्री हे दोराचे घर होय. आमचा दोर २७ मीटर लांब असून त्याची जाडी, जेथे तो सर्वांत जाड आहे तेथे, १.२ मिलिमीटर. सर्वत्र तितकीच जाडी धरली म्हणजे हिशेब सुरक्षित बाजूस राहतो. वेटोळी एकाशेजारी एक बसतात असे मानून, लांबीस जाडीच्या वर्गाने गुणले असता ३८,८८० घनमिलिमीटर जागा लागते. मोठा मासा धावला तर हवा म्हणून त्यामागे ०.६ मिलिमीटर जाडीचा ५० मीटर राखीव दोर. त्यास १८,००० घनमिलिमीटर. एकूण सुमारे ५७,०००.

आता घर केवढे? तबकड्यांचा व्यास ८० मिलिमीटर, मधल्या गाभ्याचा ४०, व दोन तबकड्यांमधील अंतर २० घेतले तर सुमारे ७५,४०० घनमिलिमीटर जागा मिळते. म्हणजे दोर गुंडाळून एक चतुर्थांश जागा रिकामी राहते, आणि तीही हवीच. घाईने गुंडाळलेला ओला दोर कधी नीट बसत नाही. दहावीच्या वर्गात वृत्तचितीचे घनफळ कशास शिकावयाचे, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याने हे गणित एकदा स्वतः करून पाहावे.

गाभा ४० मिलिमीटरच का? तो १५ चा केला असता तर याच व्यासात दोर अधिक मावला असता. परंतु बारीक गाभ्यावर एका फेऱ्यात सुमारे ४७ मिलिमीटर दोर येतो, तर जाड गाभ्यावर १२५. मासा आपल्याकडे वळून धावत आला तर बारीक गाभ्याच्या चक्रीस मूठ फिरवून फिरवून मनगट थकते आणि दोर तरीही सैलच राहतो. शिवाय बारीक वेटोळ्यांत राहिलेला दोर पाण्यावरही कुरळाच उतरतो.

माप ठरल्यावर द्रव्य. ८० मिलिमीटर व्यासाची व २ मिलिमीटर जाडीची एक तबकडी पितळेची केली तर सुमारे ८५ ग्रॅम भरते. ॲल्युमिनियमची केली तर २७. अशा तीन तबकड्या लागतात, दोन फिरत्या व एक पाठीची. पितळेच्या तिघी मिळूनच अडीचशे ग्रॅम होतात! तेव्हा पितळ तेथेच बाद झाले. ॲल्युमिनियमला आपल्या घरांतून 'जर्मन' म्हणतात. भांड्यांचा पत्रा मऊ व पातळ असतो, म्हणून आम्ही २ मिलिमीटरचा कडक पत्रा घेतला.

सागवानाचा मोह मात्र सुटेना. जिल्हा सागाचा, आणि इंग्लंडातील नॉटिंगहॅमच्या कारागिरांनी पूर्वी लाकडाच्याच चक्र्या केल्या. पण पातळ लाकडी तबकडी धाग्याच्या दिशेने चिरते. दुसरे असे की, साग इतर लाकडांहून कमी आकसतो खरा, तरी तो सर्व दिशांनी सारखा आकसत नाही. वर्तुळाकार वलयांच्या दिशेने त्याचे आकसणे वलये छेदून जाणाऱ्या दिशेच्या सुमारे दुप्पट असते. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो आणि जुलैत भिंतींस ओल येते. वैशाखात गोल असलेली तबकडी आषाढात अंडाकृती होऊन पाठीस घासू लागेल. म्हणून सागास आम्ही गाभ्याचे स्थान दिले. तेथे तो दोन्ही बाजूंनी धातूने धरलेला असतो, किंचित फुगला तरी बाधा नाही, आणि वजन अवघे सोळा ग्रॅम. कातारीने तो लेथवर उतरवून दिला. आम्ही त्यास जवसाचे तेल तीन वेळा पाजले. सागाच्या अंगच्या तेलामुळे त्यास सरस नीट धरत नाही, म्हणून तबकड्या स्क्रूंनी बसविल्या.

पितळ अगदीच हद्दपार झाले असे नाही. आस ६ मिलिमीटर पोलादी, आणि तिच्यावर फिरणारे बुश पितळेचे. पोलादावर पोलाद घासले तर दोन्ही खरवडतात. पितळ मऊ असल्याने तेच झिजते, व ते बदलणे सोपे. एक लहान दंतचक्र व त्यावर दाबलेली पोलादी कमान, एवढाच खटका. त्याचे काम माशास अडविण्याचे नसून चक्रीस दोरापेक्षा वेगाने फिरू न देण्याचे आहे. फिरती तबकडी व चौकट यांतील फट अर्ध्या मिलिमीटरहून कमी ठेवली, नाहीतर दोर तीत शिरून अडकतो.

जोडणी पुरी होण्यापूर्वी नदीकाठी राहणाऱ्या एका वृद्ध ढिवर काकांस आम्ही ती दाखविली. त्यांनी ती हातात तोलली, कानाशी धरून फिरविली, आणि म्हणाले, "मास्तर, हलकी हाये. पण इच्यात गाळ शिरन. काळ्या मातीचं पानी हाये आपलं." कोणत्याही इंग्रजी पुस्तकाने आम्हांस हे सांगितले नव्हते. तबकड्यांस वजन कमी करण्यासाठी भोके पाडावयाची होती. ती आम्ही केवळ बाहेरच्या तबकडीस पाडली, आणि बुशाच्या तोंडाशी तेलात भिजविलेली नमद्याची चकती बसविली. "अन् मासा लहान असन त सोडून द्या," असेही काका जाता जाता बोलले.

सर्व मिळून चक्री १३८ ग्रॅम भरली. पैनगंगेच्या एका डोहावर आम्ही तिच्यासह दोन तास उभे राहिलो. बोटे उघडमीट करीत राहिली. मासे लहानच मिळाले, ते सोडले.

ज्या विद्यार्थ्यांस असा उद्योग करावासा वाटेल त्यांस इतकेच सांगणे की, जिल्ह्यातील धरणांची व तलावांची मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. त्यांची अनुमती आधी घ्यावी, आणि अभयारण्याच्या हद्दीत गळ नेऊच नये. ज्यांचे पोट त्या पाण्यावर आहे त्यांस आपली चक्री दाखवावीही. त्यांच्याजवळ चक्री नसेल, परंतु पाण्याची ओळख आहे. आणि ती आपल्या कोणत्याही मापात आयती येत नाही, विचारावी लागते.