क्रूझरचा रस्ता, आपला रस्ता

मोटरसायकल घेताना क्रूझर की टुरिंग, हा प्रश्न बहुतेकदा स्वभावावर नेऊन सोडवला जातो. निवांत माणसानं क्रूझर घ्यावी, भटक्यानं टूरर, असं सांगितलं की सल्ला देणारा मोकळा होतो. मला मात्र हा प्रश्न आधी रस्त्याचा वाटतो. प्रत्येक गाडीची घडण कुठल्या ना कुठल्या रस्त्याच्या गरजेतून झालेली असते. तो रस्ता आपल्या वाट्याला येणार आहे का, हे न पाहता लाखो रुपये मोजायचे आणि पुढची कित्येक वर्षं कंबर-मनगटांनी त्याची किंमत देत राहायची, हे मला पटत नाही. महाराष्ट्रातल्या रस्त्यांवरून लांबचा प्रवास करायचा असेल तर क्रूझर ही चुकीची निवड आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडीत काही खोट आहे असं मी म्हणत नाही. ती ज्या रस्त्यासाठी घडली तो रस्ता आपल्याकडे दुचाकीला बंद आहे, एवढंच माझं म्हणणं आहे.

क्रूझरचं घर अमेरिका. हार्ले-डेव्हिडसन मिलवॉकीत १९०३ साली सुरू झाली. जड, संथ फिरणारं इंजिन, बुटकी सीट, पुढे टाकलेले पाय, छातीकडे ओढलेलं हँडल ही ठेवण पुढच्या काळात हळूहळू पक्की होत गेली आणि १९७१ च्या सुपर ग्लाइडमध्ये तिचा ठसा स्पष्ट उमटला. या ठेवणीला साजेसा रस्ता त्या देशात १९५६ च्या महामार्ग कायद्यानंतर पसरत गेला : वाटेत चौक नाही, सिग्नल नाही, मैलोन्‌मैल सरळ, आणि मोटरसायकलला मज्जाव नाही. अशा रस्त्यावर एकदा वरचा गिअर पडला की हातापायांना फारसं काम उरत नाही. पाय पुढे टाकून बसणं तिथं शोभतं आणि सोसतंही. तरी तिथंसुद्धा खरोखर लांब जाणाऱ्यांची गरज नुसत्या क्रूझरवर भागली नाही. हार्लेच्याच इलेक्ट्रा ग्लाइडला १९६९ मध्ये वारा अडवणारं बॅटविंग फेअरिंग मिळालं. १९७५ मध्ये होंडानं गोल्ड विंग आणली, आणि पुढच्याच वर्षी बीएमडब्ल्यूनं वाऱ्याच्या बोगद्यात चाचण्या घेऊन घडवलेलं पूर्ण फेअरिंग आर१००आरएसवर चढवलं. म्हणजे क्रूझरच्या माहेरीही लांब पल्ल्याची गाडी वेगळ्या वाटेनं गेली.

आता आपला नकाशा पाहा. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, लांबी ९४.५ किलोमीटर, त्यावर दुचाकीला बंदी. नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंतचा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, त्यावरही बंदी. वांद्रे–वरळी सागरी सेतू, अटल सेतू, मुंबईचा किनारी रस्ता, सगळीकडे तेच. भरधाव मोटारी आणि दुचाकी यांच्या वेगातला फरक, पुलावरचा आडवा वारा, ही कारणं मी उडवून लावत नाही. पण राज्यात नोंदणी झालेल्या वाहनांमध्ये सर्वांत जास्त दुचाकी आणि राज्यातले सर्वांत चांगले रस्ते दुचाकीलाच बंद, ही गोष्ट मनाला लागते. दुचाकीवाल्याला उरतो तो जुना मुंबई–पुणे रस्ता, वर्षानुवर्षं काम चाललेला मुंबई–गोवा महामार्ग, आणि ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा हे घाट. ऊसतोड सुरू झाली की सांगली-कोल्हापूरकडे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अंधारात मागच्या दिव्याशिवाय चाललेले असतात. पावसाळ्यात कोकणातल्या वळणांवर लाल चिखल वाहून येतो. मोकळा पट्टा लागला तरी तो थोडा वेळ पुरतो, मग गाव येतं, एसटी स्टँड येतं, गुरं येतात. ज्या निवांतपणासाठी क्रूझर घ्यायची, तो या रस्त्यांवर मिळत नाही. इथं हातपाय सतत कामात असतात, आणि त्यांना काम करायला सोपं जाईल अशा जागी ते असले पाहिजेत.

गतिरोधकाचंच पाहू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. म्हणजे चाक सावकाश चढेल आणि सावकाश उतरेल. गावाच्या तोंडाशी प्रत्यक्षात भेटतो तो पांढरा पट्टा नसलेला, हातभर रुंदीचा, डांबराचा उभट उंचवटा. टुरिंग गाडीवर फूटपेग साधारण सीटच्या खाली असतात. उंचवटा दिसला की चालक गुडघे किंचित वाकवून पेगवर भार देतो, बूड सीटवरून बोटभर उचलतो, आणि चाक वर आलं की धक्का घोटे, गुडघे, मांड्या आपसांत वाटून घेतात. कण्यापर्यंत त्यातला थोडाच पोचतो. क्रूझरवर पाय पुढे असल्यामुळे त्यांच्यावर उभं राहता येत नाही. उठायचं तर हँडल धरून स्वतःला ओढावं लागतं, आणि चाक उडण्याच्या नेमक्या क्षणी हँडलवर ओढ येणं धोक्याचं. म्हणून माणूस बसूनच राहतो, आणि मागच्या आखूड सस्पेन्शननं जे गिळलं नाही ते सगळं माकडहाडावर येतं. वाऱ्याचंही तसंच. वेग दीडपट झाला की वाऱ्याचा दाब सव्वादोनपट होतो. मागे रेललेला माणूस तो छातीवर घेतो आणि हँडलला लटकून राहतो. तासाभरात खांदे भरून येतात. क्रूझरला पुढे काच बसवता येते, हे खरं आहे. पायांची जागा मात्र काचेनं बदलत नाही.

आकडेही याच बाजूचे आहेत. रॉयल एनफिल्डच्या सुपर मीटिऑर ६५० चं वजन २४१ किलो आणि जमिनीपासूनचं अंतर १३५ मिलिमीटर. त्याच कंपनीच्या हिमालयन ४५० चं वजन १९६ किलो, जमिनीपासूनचं अंतर २३० मिलिमीटर, आणि पुढच्या-मागच्या दोन्ही सस्पेन्शनची हालचाल २०० मिलिमीटर. मागे माणूस, बाजूला सामान, टाकी भरलेली, म्हणजे त्या १३५ मधलेही काही गेले. समोर नियमापेक्षा उंच गतिरोधक आला की गाडीचं पोट घासणार. यावर हमखास सांगितलं जातं की बुलेटवर लोक पिढ्यान्‌पिढ्या लडाख करून आले. पण बुलेट मुळात क्रूझर नाहीच. तिच्यावर माणूस ताठ बसतो, पाय शरीराखाली, कोपरं सैल. तिच्या दमाचं श्रेय सगळे इंजिनाच्या ठोक्याला देतात. माझ्या मते निम्मं श्रेय त्या साध्या बैठकीचं आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप उंचीचा आहे, आणि तो टुरिंगची बाजू घेणारे फार हलक्यात घेतात. हिमालयनची सीट ८२५ मिलिमीटरवर, मीटिऑर ३५० ची ७६५ वर, बजाज अॅव्हेंजरची तर ७३७ वर. पाच फूट तीन इंचांच्या माणसाला हा फरक दर सिग्नलला जाणवतो. सागरी मार्गानं दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ अशी फेरीबोट घेतलीत की पाहा : ओहोटीला जेटीचा उतार उघडा पडलेला असतो, ओला, शेवाळलेला. पुढची मोटार थांबली की तिथंच पाय टेकायचा. ज्याचा पुरता तळवा टेकतो तो निश्चिंत असतो. जो चवड्यावर उभा आहे त्याची जवळजवळ दोनशे किलोंची गाडी एकदा कलली की सावरत नाही. अशा माणसाला ‘होईल सवय’ म्हणणं बेजबाबदारपणाचं आहे. पण याचं उत्तर क्रूझरच आहे असं नाही. टुरिंगचा शिक्का महत्त्वाचा नाही, बैठक महत्त्वाची. खाली करून घेतलेली सीट किंवा मध्यम उंचीची साधी, ताठ बैठकीची गाडी, तिला मागे कॅरियर आणि पुढे काच, एवढ्यावर कोकण आरामात होतं. पाय सीटखाली असले म्हणजे झालं.

दुसरा आक्षेप मनाचा आहे : क्रूझर सावकाश चालायला शिकवते, टूरर घाई करायला लावते. हिमालयनचं इंजिन वरच्या फेऱ्यांत खुलतं, तर मीटिऑर ३५० चं इंजिन ४००० फेऱ्यांवरच २७ न्यूटन-मीटरचा जोर देतं. त्या संथ ओढीतला आनंद खरा आहे आणि त्याची थट्टा करू नये. ज्याचा प्रवास म्हणजे रविवारी सकाळी शे-सव्वाशे किलोमीटर, वाटेत मिसळ आणि जेवायला घरी, त्यानं खुशाल क्रूझर घ्यावी. तेवढ्या अंतरात कंबर तक्रार करत नाही. पण चार दिवसांची सुट्टी काढून तळकोकणात उतरणाऱ्याला सावकाशपणा टूररवरही पाळता येतो. वेग मनगटात असतो. बैठक मात्र कारखान्यातून ठरून येते.

राहिला मागे बसणारा माणूस. आपल्याकडे मोटरसायकल सहसा एकट्याची नसते, आणि मागच्या सीटचा विचार सगळ्यात शेवटी होतो. इथं क्रूझरची बाजू मजबूत आहे : चढायला सोपी आणि पाठीला टेकू. साडी नेसलेल्या आईला टूररच्या उंच सीटवर चढवणं अवघड आहे, आणि ती रोजची गरज असेल तर माझं वरचं सगळं विवेचन बाजूला ठेवावं. लांबच्या प्रवासात मात्र मागच्या माणसाचे पेग कुठं आहेत आणि मागचं सस्पेन्शन किती हलतं, हे त्या टेकूपेक्षा मोठं ठरतं, कारण मागच्याला खड्डा आधी दिसतच नाही. शोरूमच्या सपाट रस्त्यावर दहा मिनिटं फिरून यातलं काही कळत नाही. पुण्यात या गाड्या दिवसाच्या भाड्यानं मिळतात. दोन वेगवेगळ्या दिवशी दोन्ही घ्याव्यात, जो नेहमी मागे बसणार आहे त्याला सोबत न्यावं, ताम्हिणी उतरून माणगाव, तिथून महाड, आणि वरंधा उघडा असेल तर भोरमार्गे परत यावं. बुकिंगचे पैसे भरण्याआधी त्याला किंवा तिला विचारावं, कुठल्या दिवशी उतरताना पाय सरळ झाले.