जिथे कातळ उसवतो

साम्रद हे अकोले तालुक्यातलं, भंडारदरा धरणाच्या पल्याडचं छोटं गाव. गावाबाहेर भातखाचरं संपतात, थोडी झाडी लागते आणि पुढे जमीन एकाएकी चिरत गेलेली दिसते. ही सांधण दरी. वरून तिचा अंदाज येत नाही. उतरत जावं तसतशा दोन्ही बाजूंच्या भिंती उंच होत जातात, आभाळाची नुसती पट्टी उरते आणि एखाद्या अरुंद जागी हात पसरले की दोन्ही भिंती हाताला लागतात. तळाशी पायवाट अशी नाहीच. वरून कोसळलेले, काही तर घराएवढे धोंडे एकमेकांवर अडकून बसलेले आहेत. त्यांच्यावरून, खालून, मधल्या सांदीतून जायचं. मध्येच पाण्याचा डोह आडवा येतो. ऊन इथे दिवसातून जेमतेम घटकाभर उतरतं, म्हणून ऐन उन्हाळ्यातही ते पाणी पाय बधिर करतं.

सह्याद्रीत फिरणारे बहुधा शिखरं मोजतात. कळसूबाई 1646 मीटर, हरिश्चंद्रगड 1424 मीटर. पण या मुलखाची सगळी मौज उंचीपेक्षा कातळाच्या उणिवेत आहे. खडक जिथे फाटला, झिजला, आरपार फुटला, तिथूनच पाणी गेलं, तिथेच रान रुजलं आणि तिथूनच माणसाला वाट सापडली. सांधण हे त्याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण. कातळात पडलेली एक उभी भेग, तिच्यात दर पावसाळ्यात धावणारं पाणी, आणि या दोघांच्या हाताशी असलेला अमाप काळ, एवढ्यावर ही दरी घडली.

त्या काळाची सुरुवात सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीची. शंकूच्या आकाराचा एखादा डोंगर आग ओकत होता, असं चित्र इथे लागू पडत नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहत येऊन पसरला. तो थिजला, त्याच्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. आज जो शिल्लक आहे तो बेसॉल्ट खडकही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे. दोन थरांच्या मध्ये कधीकधी विटकरी तांबडा पट्टा दिसतो. दोन उद्रेकांच्या दरम्यान बराच काळ गेला, वरचा खडक कुजून त्याची माती झाली आणि नंतर आलेल्या लाव्ह्यानं ती भाजून काढली, त्याची ती खूण. घाटरस्त्यावर एसटीच्या खिडकीतूनही हा पट्टा ओळखता येतो. एकदा ओळखला की पुढचा प्रवास तो शोधण्यातच जातो.

सगळे थर सारखे नाहीत. काही घट्ट, एकसंध. काहींत वायूचे बुडबुडे अडकलेले, त्यामुळे ते पोकळ आणि ठिसूळ. त्या पोकळ्यांमध्ये पुढे पाणी झिरपलं आणि स्टिलबाइट, अ‍ॅपोफिलाइट अशी लखलखीत स्फटिकं तयार झाली. नाशिक-नगर भागात विहिरी खोदताना अशा गारगोट्या हाती लागतात. घट्ट थर उभा तुटतो, त्याचा कडा होतो. ठिसूळ थर ढासळत राहतो, त्याचा उतार होतो. कडा, उतार, पुन्हा कडा, अशी ही चढती रचना दुरून कुणालाही दिसते. त्यातला जो मधला सपाटसा उतार, त्यावर माती टिकते, मातीत ओल टिकते आणि तिथे रान दाट होतं. दोन कड्यांच्या मधल्या अशा जंगलपट्ट्याला ‘पदर’ म्हणतात. हिरडा, जांभूळ, आंबा, आणि त्यांच्या पायाशी कारवी.

कारवी या उतारांची राखणदार आहे. तिच्या दाट मुळांमुळे पावसाच्या माऱ्यात माती जागेवर राहते. सात-आठ वर्षांत ती एकदाच फुलते, तेव्हा अख्खा डोंगर जांभळा होतो आणि मधमाश्यांची झुंबड उडते. तिच्या सरळ काटक्या उभ्या बांधून, वर शेणमाती लिंपून कुडाच्या भिंती होतात. महादेव कोळी आणि ठाकर यांच्या वाड्यांवर अशा भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या पाऊस अडवला. हिरड्याच्या हंगामात तोडणीला माणसं पदरात उतरतात, तेव्हा कुठला दगड हलतो आणि कुठला धरतो हे त्यांचे पाय जाणतात. 1986 मध्ये या पट्ट्याचं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं. नकाशावर ते एक क्षेत्र आहे. तिथल्या माणसांना ते सरपणाचं, औषधाचं, देवाचं आणि रोजच्या जाण्यायेण्याचं रान आहे. अभयारण्याचा विचार करताना हे दुसरं नातं पहिल्याइतकंच मोलाचं मानायला हवं.

सांधणच्या तोंडाशी उभं राहिलं की रतनगड दिसतो. त्याच्या माथ्याजवळ आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. माथ्याचा दगड तिथे पातळ झाला, वारा-पाण्यानं तो दोन्ही बाजूंनी कोरला आणि शेवटी मधला भाग निखळून पडला. नेढ्यात बसलं की वारा अंगावर आदळत राहतो. एका अंगाला भंडारदऱ्याचा जलाशय, दुसऱ्या अंगाला कोकणात कोसळणारी दरी. पाण्याची वाटणी इथेच होते. सांधणमध्ये पडलेला पाऊस पश्चिमेला उतरून उल्हासच्या खोऱ्यातून अरबी समुद्राला मिळतो. रतनगडाच्या पूर्व उतारावरचं पाणी प्रवरेचं होतं. रतनवाडीच्या कोरीव अमृतेश्वर मंदिराला वळसा घालून, 1926 मध्ये पूर्ण झालेल्या धरणात थांबून ते पुढे निघतं, नेवाशावरून जातं, गोदावरीत मिसळतं आणि बंगालच्या उपसागरापर्यंत पोचतं. ज्या नेवाशात 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथल्या नदीचा उगम या कातळात आहे. वारकऱ्यांनी एकदा तरी ती जागा पाहावी.

दक्षिणेला हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. तो नुसता उभा नाही, आत वळलेला आहे. काठावर पालथं झोपून पाहिलं तर खालचा कातळ पोटाखालून मागे गेलेला कळतो. कोकणातून येणारा वारा या पोकळ अर्धवर्तुळात कोंडतो आणि त्याला वर जाण्याखेरीज मार्ग राहत नाही. पावसाळ्यात काठावरून सोडलेलं पान खाली न जाता डोक्यावरून परत येतं. त्याच जोरानं जुन्नरजवळच्या नाणेघाटातला धबधबाही उलटा, आभाळाकडे उडतो.

कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं हरिश्चंद्रगडावर पाहिलेलं पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य 1835 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर मांडलं. आपल्याकडे त्याला इंद्रवज्र म्हणतात. त्यासाठी सूर्य पाठीशी आणि खाली दरीत धुकं हवं. कडा पश्चिमाभिमुख असल्यानं हा योग सकाळच्या उन्हात जुळतो. धुक्याचे सूक्ष्म थेंब प्रकाश आल्या दिशेला परत पाठवतात, आणि पाहणारा धुक्याच्या वर असल्यामुळे कमान अर्धी न राहता पुरी होते. मधोमध पाहणाऱ्याची सावली. शेजाऱ्याला त्याच्या सावलीभोवतीचं कडं दिसतं, आपल्याला आपल्या. एका काठावर दहा जण उभे असले तर वज्रंही दहा असतात.

या कड्यालाही फट आहे. बेलपाड्याहून धोंड्यांनी भरलेल्या एका उभ्या घळीतून गडावर चढता येतं, ती नळीची वाट. दगड सुटतात, पुढच्याच्या पायाखालचा मागच्याच्या डोक्यावर येतो. माहितगार सोबत नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये. कोकणकड्यावर दोर बांधून उतरताना जानेवारी 2020 मध्ये गिर्यारोहक अरुण सावंत यांचा मृत्यू झाला. त्यांनी आयुष्य या डोंगरांत घालवलं होतं. सांधणमध्ये तर पावसाळ्यात जाऊच नये, कारण तेव्हा ती पाण्याची वाट असते. हिवाळ्यात साम्रदची तरुण मुलं दोर घेऊन सोबत येतात, त्यांचं ऐकावं. भिंतींवर रंगानं नावं लिहिणारे आणि डोहात बाटल्या टाकणारे इथे येतात हे पाहून जीव तुटतो. कोट्यवधी वर्षांत घडलेल्या कातळावर एका सुट्टीत ओरखडा उठवणं याला दुसरा शब्द नाही, ही विटंबना आहे.

अशाच एका फटीनं इतिहास घडवला आहे. जुन्नरच्या वर, जीवधन किल्ल्याच्या शेजारी कड्यात एक चिंचोळी खाच आहे, तो नाणेघाट. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल सातवाहनांच्या काळात या खाचेतून वर येई. तिथल्या लेण्यात राणी नागनिकेच्या काळचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गायी, हत्ती, कार्षापण नाण्यांची मोजदाद अंकांत दिली आहे, म्हणून भारतीय अंकांच्या इतिहासात त्याला मोठं स्थान आहे. वर दगडाचा एक प्रचंड रांजण आहे, जकातीची नाणी त्यात पडत असं लोक सांगतात. आणि जीवधनापासून सुटलेला वानरलिंगीचा सुळका बाजूलाच उभा आहे: भोवतालचा खडक झिजून गेला, तेवढा भाग टिकला.

झीज थांबलेली नाही. सह्याद्रीची पश्चिम कड पाण्याच्या माऱ्यानं लाखो वर्षं पूर्वेकडे हटत आली आहे, आणि सुळके म्हणजे ती कड पूर्वी कुठवर होती त्याचे पुरावे. हरिश्चंद्रगडाला लागूनच माळशेज घाटातून कल्याण-नगर रस्ता जातो. जुलैच्या मोठ्या पावसात तिथे दरड येते, दोन्हीकडे भाजीचे टेम्पो आणि एसट्या अडकून पडतात. जेसीबी येऊन दगड बाजूला करतो. वाहनं त्याच खिंडीतून पुढे जातात.