सीट कुणाच्या मापाची?

"लोणावळ्यापर्यंत तूच चालव," म्हणत दादाने नव्याकोऱ्या लक्झरी एसयूव्हीची चावी माझ्या हातात ठेवली. मी जाम खूश! पण देहूरोड येईपर्यंत कंबर बोलायला लागली. शेवटी बेगडेवाडीजवळ, घोराडेश्वराच्या पायथ्याशी गाडी बाजूला घेतली.

"काय झालं गं?"

"दादा, तू सहा फूट, मी पाच फूट एक. सीट तुझ्याच मापाची आहे!"

सीटला ढीगभर बटणं, पण दुसऱ्याची गाडी म्हणून मी संकोचाने एकालाही हात लावला नव्हता. आता लावला. आधी उंची वाढवली, समोरचा रस्ता नीट दिसला. मग सीट पुढे. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला हवा. पाठ टेकून हात लांब केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यायला हवं. लंबर सपोर्ट कमरेच्या पोकळीत, हेडरेस्ट डोक्याच्या उंचीला. आरसे सगळ्यात शेवटी.

"अजून पुढे घे ना," दादा म्हणाला.

नको बॉस! छाती आणि स्टिअरिंगमध्ये किमान १० इंच अंतर हवं. एअरबॅग क्षणार्धात फुगते आणि फार जवळ बसणाऱ्याला तिचाच मार बसू शकतो.

तेवढ्यात लोणावळा लोकल बेगडेवाडीला थांबून पुढेही गेली. मी मेमरीचं दुसरं बटण दाबलं. पहिलं दादाचं, दुसरं माझं!

लोणावळ्यात उतरले तेव्हा कंबर गप्प होती. तेव्हा मंडळी, गाडी कुणाचीही असो, निघण्याआधी पाच मिनिटं सीटला द्या. लाजू नका!