कंटेनरच्या गावची भाकरी

न्हावा शेवा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? उंचच उंच क्रेन, आगपेट्यांसारखे एकावर एक रचलेले कंटेनर, ट्रेलरच्या लांबच लांब रांगा. नाहीतर शिवडीहून थेट इथं येणारा तो २१.८ किलोमीटरचा अटल सेतू. पण न्हावा आणि शेवा ही मुळात दोन गावं, बरं का! आणि आज आपण तिथं बंदर बघायला नाही, जेवायला जाणार आहोत.

इथल्या आगरी किंवा कोळी घरातल्या मुलांना विचारा, "ताप आला की काय खावंसं वाटतं?" मी वर्गात विचारलं, तर निम्मा वर्ग एका सुरात ओरडला, "पेज! आणि भाजलेली सुकट!" ताप उतरला की मग तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. श्रीखंड-पुरीचं नाव कुणी काढलं नाही.

आता ह्या ताटाकडे जरा नीट बघा. तांदूळ, मीठ आणि सुकी मासळी. तिन्ही गोष्टी पूर्वी घरापासून हाकेच्या अंतरावर मिळायच्या.

तांदूळ यायचा खारजमिनीतून. समुद्राला लागून शेती कशी करायची? तर मातीचे लांबलचक बांध घालायचे आणि त्यात ठेवायची उघाडी, म्हणजे पाण्याचं दार. भरतीच्या पाण्याचा दाब आला की ते आपोआप बंद होतं. ओहोटी लागली की शेतात साचलेलं पावसाचं पाणी त्याला ढकलून बाहेर जातं. आहे की नाही गंमत? ना वीज, ना मोटार! पण बांध फुटला तर खारं पाणी शेतात शिरणार आणि पीक जाणार. म्हणून बांधाची डागडुजी सगळ्या गावानं मिळून करायची. उरणच्या लोकलनं आलात तर वाटेत खारकोपर स्टेशन लागतं. त्या नावातला 'खार' हाच.

मीठ यायचं मिठागरातून. भरतीचं पाणी उथळ वाफ्यांत घ्यायचं, एकातून दुसऱ्यात फिरवायचं, बाकीचं काम ऊन करतं. 'आगरी' हे नावही ह्या 'आगर' शब्दावरूनच आलं असं मानतात.

आणि मासळी? जवळा म्हणजे इवलीशी, केसाएवढ्या मिशांची कोळंबीच. उन्हात वाळवली की झाली सुकट. पावसाळ्यात समुद्र खवळतो, आणि माशांच्या विणीचा काळ म्हणून राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. तेव्हा खायचं काय? म्हणून पावसाआधी घरोघरी आगोट भरायची. सुके बोंबील, सुकट, मसाले, तांदूळ असा चार महिन्यांचा साठा करायचा. फ्रीज नव्हता तेव्हाचं हे शहाणपण!

मग हे ताट बदललं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं. योग्य मोबदला मिळावा म्हणून शेतकरी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. तुमच्या आजोबांना ते दिवस चांगले आठवत असतील, विचारून बघा. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्याच लढ्यातून आली. १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. शेवा कोळीवाड्यातली कुटुंबं त्याआधीच उरणजवळ हलवली गेली होती. त्या नव्या वस्तीतल्या घरांना पुढे वाळवीनं पोखरलं.

शेतं गेली, बरीचशी मिठागरं गेली. तांदूळ आता दुकानातून येतो, मीठ पिशवीतून. ओळखीच्या एक आजी म्हणतात, "वास येत नाय गो पूर्वीसारखा तांदलाला." पण भाकरी मात्र अजून त्यांच्याच हातची, आणि ती आता त्यांची पाचवीतली नातही थापते. वेडीवाकडी होते, चालतं की!

तर तीच भाकरी आपणही करू. (गॅसजवळ आई, बाबा किंवा ताई हवीच.) एक वाटी पाणी उकळा, चिमूटभर मीठ टाका, त्यात एक वाटी तांदळाचं पीठ घालून ढवळा, गॅस बंद करा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. ही झाली उकड. ती कशासाठी? गव्हाच्या पिठात चिकटपणा असतो, तांदळाच्या पिठात तसा नसतो, म्हणून नुसत्या गार पाण्यात मळलं तर भाकरीला चिरा पडतात. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो आणि गोळा धरून राहतो. कोमट झालं की पाण्याचा हात लावून भरपूर मळा. इथं कंजुषी नको. गोळा थापा, तापलेल्या तव्यावर टाका, वरून पाणी फिरवा. पाणी सुकलं की उलटा. फुगली तर टाळ्या, नाही फुगली तरी खा.

चटणी त्याहून सोपी. जवळा निवडून कोरडाच भाजा, मग धुऊन घ्या. तेलात ठेचलेला लसूण, चिरलेला कांदा, हळद, लाल मसाला परता, जवळा घाला, दोन आमसुलं आणि थोडं पाणी घालून शिजू द्या. मीठ चव बघूनच, कारण जवळ्यात समुद्राचं मीठ असतंच. मासे न खाणाऱ्यांनी भाजलेला पापड आणि लोणचं घ्यावं.

आणि पेज? मूठभर कण्या सहा-सात वाट्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवायच्या, बस्स. गोव्यात, तळकोकणात हीच पेज. तमिळनाडूत तिला कंजी म्हणतात आणि त्याच शब्दावरून इंग्रजीत काँजी झालं. चीनमध्येही आजारी माणसाला भाताची अशीच पातळ पेज देतात. बंदरात लागलेल्या चिनी जहाजावर कुणा खलाशाला ताप आला, तर त्याच्या वाडग्यात आणि धक्क्यापलीकडच्या घरातल्या वाडग्यात फरक एवढाच, की इकडे वर चिमूटभर भाजलेली सुकट असते.