शुक्रवारचे गाणे

आमचे आजोबा सटाण्यास शिक्षक होते. घरात फळीवर त्यांचा जुना रेडिओ असे. त्यास हात लावण्याची कोणास मुभा नसे. या यंत्रावर एवढी प्रीती का, असे आम्ही एकदा विचारले, तेव्हा त्यांनी पुणे केंद्राची हकीकत सांगितली.

मुंबईचे केंद्र १९२७ साली निघाले. पुण्याचे २ ऑक्टोबर १९५३ रोजी, म्हणजे ते वयाने अगदीच धाकटे. तेथील अधिकारी सीताकांत लाड यांनी सबंध रामकथा गीतांतून क्रमाने ऐकविण्याची योजना काढली. ग. दि. माडगूळकरांनी गीते रचावी व सुधीर फडक्यांनी चाली बांधाव्या, असे ठरले. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, ‘गीतरामायणा’चे पहिले गीत झाले. तो शुक्रवार होता. पुढे दर शुक्रवारी नवे गीत येई. वर्षाची ५२ व्हावयाची, परंतु मध्ये अधिक मास आल्यामुळे ५६ झाली. आठवडा चुकविण्याची सवड कवीस नव्हती, गायकास नव्हती, आणि ऐकणाऱ्यांसही चुकवावासा वाटत नसे.

आजोबा त्या वर्षी अध्यापनाच्या शिक्षणासाठी पुण्यास होते. रेडिओ बाळगावयास तेव्हा सरकारी परवाना लागे. विद्यार्थ्याजवळ ना यंत्रापुरते पैसे, ना परवान्यापुरते. एका बिऱ्हाडाच्या खिडकीखाली उभे राहून ते ऐकत. पुढे नोकरी लागल्यावर पै पै साठवून त्यांनी हा रेडिओ घेतला.

आम्ही बारा वर्षांचे असू. उन्हाळ्यातील एका सायंकाळी त्यांतीलच एक गीत लागले. आजोबांनी हाक मारली, “ये रे बाळ, बैस जरा.” बाहेर आरम नदीच्या कोरड्या वाळूत आमचा क्रिकेटचा डाव रंगात आला होता. “पुढच्या वेळी ऐकू, आजोबा,” असे म्हणून आम्ही धावत सुटलो. त्याच पावसाळ्यात आजोबा वारले.

आज ती सर्व गीते आमच्या मोबाइलमध्ये आहेत. वाटेल तेव्हा ऐकता येतात, म्हणूनच की काय, ऐकणे उद्यावर जाते. परंतु त्या सायंकाळी आजोबांजवळ बसून ऐकावयाचे राहिले, ते कोठेही सापडत नाही. मुलांनो, घरातील वडील माणूस “बैस जरा” म्हणाले, तर डाव थोडा थांबवा व बसा.