सेल गेलाय, चावी नाही

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला सगळ्यालाच 'बॅटरी' म्हणायची सवय. आमच्या घरी मात्र बॉनेटखाली असते ती बॅटरी आणि रिमोटमध्ये असतो तो सेल. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण रिमोटमधला पन्नास रुपयांचा सेल संपला की माणसं गाडीच बंद पडल्यासारखी घाबरतात.

गेल्या डिसेंबरात आम्ही घरचे सगळे अजिंठ्याला गेलो होतो. लेण्यांपर्यंत खासगी गाड्या सोडत नाहीत. फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी लावायची आणि पुढचे ४ किलोमीटर एसटीने जायचं. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी डोळ्यांत साठवून चारच्या सुमारास परत आलो, तर काकांच्या रिमोटला गाडी दादच देईना. आजीच्या हृदयाच्या गोळ्या आत. दुसरी चावी घरी संभाजीनगरला, म्हणजे १०० किलोमीटरवर. काका काच फोडायला दगड शोधू लागले!

तेवढ्यात शेजारचे जीपवाले मामा आले. त्यांनी रिमोट उलटा केला, बाजूची खिट्टी सरकवली आणि आतली लोखंडी चावी काढून काकांच्या हातावर ठेवली. "साहेब, सेल गेलाय. चावी हाय की आत!"

दार उघडलं आणि गाडी बोंबलायला लागली. सगळं पार्किंग आमच्याकडे बघतंय. काका म्हणाले, "आता सुरू कशी करू?" मी म्हटलं, "रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवून धरा, आणि क्लच दाबून बटण दाबा." गाडी सुरू, भोंगा बंद, आजीला गोळी.

यात जादू काही नाही. रिमोट दोन वेगळी कामं करतो. दार उघडायचा संदेश साधारण ४३३ मेगाहर्ट्झवर जातो, त्याला सेल लागतो. पण चोरी रोखणारी चिप वेगळी असते, तिला सेल लागतच नाही. गाडीतली कॉइल तिला जवळून वीज देते, अगदी ट्रान्सफॉर्मरसारखी, आणि चिप आपली ओळख सांगते. म्हणून टेकवून धरायचं. जागा प्रत्येक गाडीत वेगळी असते, ती गाडीच्या पुस्तकात दिलेली असते.

येताना सिल्लोडला घड्याळाच्या दुकानातून नवा सेल घेतला. सीआर२०३२. मापं नावातच आहेत : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. जुना सेल होस्टेलवर आणून मल्टिमीटर लावला, तर २.८ व्होल्ट! मग हा मेला कसा? इथे आपले थेवेनिनसाहेब मदतीला येतात. सेल म्हातारा झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो. नुसतं मोजलं तर व्होल्टेज ठीक दिसतं, पण रिमोटने करंट मागितला की ते कोसळतं. म्हणून बटण दाबल्यावर छोटा दिवा लागला, तरी सेल चांगला आहे असं समजू नका. पूर्वी लांबून उघडणारी गाडी जवळ गेल्यावरच उघडायला लागली, की सेल बदला.

बदलायला पाच मिनिटं लागतात. लोखंडी चावी काढली की तिथे खाच दिसते. तीत नाणं किंवा चपटा स्क्रूड्रायव्हर घालून हलकेच फिरवायचं. जुन्या सेलची अधिकची बाजू कुठे होती ते आधी बघायचं. नवा सेल कडेने धरायचा. जुन्यावर चिकटपट्टी लावून तो लहान मुलांपासून लांब ठेवायचा, कारण गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. ही गोष्ट थट्टेवारी न्यायची नाही.

हाच सेल आपल्या रूमवरच्या पीसीच्या मदरबोर्डवरही असतो. रोज सकाळी तारीख मागे जात असेल, तर तोही बदला.

आणि हो, आज मेसनंतर घरी फोन कराल तेव्हा बाबांना एवढं विचारा, "आपल्या रिमोटमधली चावी कुठून निघते?" त्यांना माहीत नसेल, तर पुढच्या सुट्टीत दोघं मिळून खोलून बघा. फर्दापूरला प्रत्येक वेळी जीपवाले मामा असतीलच असं नाही.